रक्ताळलेल्या हातांशी बोलणी

ज्याने माणसे मारली, किंवा मारणाऱ्यांची बाजू उघडपणे घेतली, त्याच्याशी बोलायला बसावे का?

वरवर पाहता प्रश्न सोपा वाटतो. बोलण्याने काय बिघडते, असे आपण पटकन म्हणून जातो. पण मेलेला माणूस आपल्या घरातला असेल तर? शवपेटी अजून घरात आहे, नातेवाईक जपमाळेची प्रार्थना म्हणत आहेत, आणि अशा वेळी कानावर येते की आपल्याच समाजाचा एक पुढारी मारेकऱ्यांच्या पुढाऱ्याबरोबर बंद दाराआड बसला आहे. मग तो सोपा प्रश्न घशाखाली उतरत नाही.

उत्तर आयर्लंडमधील जॉन ह्यूम या कॅथलिक राजकीय पुढाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले, आणि तेही रोज शवपेट्या उचलणाऱ्या माणसांच्या देखत. ३ ऑगस्ट २०२० रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेला माणूस म्हणून आपल्यापैकी काहींनी त्यांचे नाव ऐकले असेल. पारितोषिक मिळाल्यावर सगळेच हार घालतात. त्याआधीच्या दहा वर्षांत त्यांनी काय ऐकून घेतले, ते मला जास्त महत्त्वाचे वाटते.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. दक्षिणेकडचा मोठा भाग स्वतंत्र झाला, आणि उत्तरेकडचे सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले. या सहा जिल्ह्यांत प्रॉटेस्टंट बहुसंख्य होते आणि त्यांना ब्रिटनशी जोडलेले राहायचे होते. कॅथलिक अल्पसंख्य होते आणि त्यांतील बहुतेकांना आयर्लंड एक व्हावे असे वाटत होते. त्यामुळे तिथल्या भांडणाला कॅथलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट असे म्हणत असले, तरी ते पोप महोदयांवरून किंवा पवित्र मरियेच्या भक्तीवरून पेटलेले नव्हते. आपला देश कोणता, सत्ता कोणाची, नोकरी आणि घर कोणाला मिळणार, यावरून ते होते. धर्माचे नाव फक्त ओळखीच्या पाटीसारखे लावलेले होते. ही पाटी आपल्या प्रभूच्या नावाने लागली, याचे दुःख आपण मानायलाच हवे.

जॉन ह्यूम यांचा जन्म १८ जानेवारी १९३७ रोजी डेरी शहरात झाला. सात भावंडांत ते थोरले. डेरीत कॅथलिक बहुसंख्य होते, पण प्रभागांच्या सीमा अशा हुशारीने आखलेल्या होत्या की नगरपालिका कायम युनियनवाद्यांच्या, म्हणजे ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्या प्रॉटेस्टंट पक्षाच्या ताब्यात राही. नगरपालिकेच्या निवडणुकीत मत फक्त घरधन्याला आणि त्याच्या पत्नीला. आईबापांच्या घरात राहणाऱ्या सज्ञान मुलांना मत नाही. मग नगरपालिका कॅथलिकांना घरे देण्यात हात आखडता घेणार, हे ओघानेच आले. घर दिले की दोन मते वाढली! ह्यूम यांचे वडील पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात लढलेले. पुढे बराच काळ ते बेकार होते. आई शर्टांच्या कारखान्यांचे शिवणकाम घरी आणून करी.

वडिलांची एक आठवण ह्यूम नेहमी सांगत. मुलगा दहाएक वर्षांचा असताना दोघे एका राष्ट्रवादी सभेला उभे होते. झेंडे फडकत होते, भाषणे रंगत होती, मुलाच्या अंगावर रोमांच उभे राहिले होते. वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितले की पोरा, यात अडकू नकोस, झेंडा खाता येत नाही. भुकेल्या घरातला बाप हे बोलतो तेव्हा त्याला वजन असते.

शिक्षण मोफत करणारा कायदा १९४७ साली झाला, म्हणून या मुलाला माध्यमिक शाळा मिळाली. पुढे धर्मगुरू होण्यासाठी तो मायनूथच्या सेमिनरीत गेला. तिथे इतिहास शिकवायला जे फादर होते, ते नंतर कार्डिनल ओ’फिआख झाले. तीन वर्षांनी ह्यूम सेमिनरीतून बाहेर पडले, शिक्षक झाले आणि १९६० साली पॅट या शिक्षिकेशी त्यांनी विवाह केला. त्याच वर्षी काही जणांनी मिळून डेरीत पतपेढी काढली. सुरुवातीचे भांडवल हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पौंडांचे. तोवर गरीब कुटुंबाला अडीनडीला दोनच दारे होती, सावकाराचे आणि गहाणवट दुकानाचे. बँक त्यांना दारात उभे करत नसे. पुढच्या चार वर्षांत ह्यूम संपूर्ण आयर्लंडच्या पतपेढ्यांच्या संघाचे अध्यक्ष झाले, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. आयुष्यात केलेल्या सगळ्या कामांत या कामाचा आपल्याला सर्वांत जास्त अभिमान आहे, असे ते नोबेल मिळाल्यानंतरही सांगत. विनयापोटी असे बोलतात, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. शेजाऱ्याचा पैसा शेजाऱ्याला विश्वासाने द्यायचा आणि तो परत येतो हे पाहायचे, या अनुभवातून त्यांचे राजकारण जन्मले.

१९६८ साली कॅथलिकांनी नागरी हक्कांसाठी मोर्चे काढायला सुरुवात केली. एका माणसाला एक मत, घरवाटपात न्याय, नोकरीत न्याय, इतकेच मागणे होते. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी डेरीतील मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि ते दृश्य जगाने टेलिव्हिजनवर पाहिले. पुढे दंगली झाल्या, ब्रिटिश सैन्य रस्त्यावर आले, आणि आय.आर.ए. या सशस्त्र संघटनेने पुन्हा डोके वर काढले. दुसऱ्या बाजूला प्रॉटेस्टंट वस्त्यांतूनही सशस्त्र टोळ्या उभ्या राहिल्या. ३० जानेवारी १९७२ रोजी, रविवारी, डेरीत मोर्चा निघाला. आठवडाभर आधी एका समुद्रकिनाऱ्यावरच्या निदर्शनात पॅराशूट पलटणीचा बेभानपणा ह्यूम यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. म्हणून या मोर्चाला त्यांचा विरोध होता, आणि ते गेले नाहीत. सैनिकांच्या गोळीबारात त्या दिवशी निःशस्त्र १३ जण मेले, चौदावा नंतर मेला. ती हत्या असमर्थनीय होती हे ब्रिटिश सरकारने मान्य केले, पण २०१० साली, म्हणजे ३८ वर्षांनी. तोपर्यंत कितीतरी तरुणांनी न्यायाची वाट पाहणे सोडून आय.आर.ए.ची वाट धरली होती. एकट्या १९७२ साली उत्तर आयर्लंडमध्ये पावणेपाचशेहून अधिक माणसे मारली गेली. १९९८ पर्यंतचा एकूण आकडा साडेतीन हजारांच्या आसपास आहे. पंधरा लाखांच्या प्रदेशात हा आकडा किती मोठा, याचा विचार करावा. प्रत्येक गल्लीत एक घर तरी काळ्या कपड्यांतले.

ह्यूम यांनी १९७० साली काही सहकाऱ्यांबरोबर एस.डी.एल.पी. हा पक्ष काढला होता आणि १९७९ पासून ते त्याचे नेते होते. पक्षाचे सूत्र एकच, बदल हवा पण हिंसा नको. १९७४ साली दोन्ही समाजांचे संयुक्त मंत्रिमंडळ झाले, त्यात ह्यूम वाणिज्यमंत्री होते. पाच महिन्यांत युनियनवादी कामगारांच्या संपाने ते सरकार पाडले. पुढची चौदा वर्षे हाती काही लागले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जानेवारी १९८८ मध्ये ह्यूम यांनी जेरी अॅडम्स यांची भेट घेतली. अॅडम्स हे शिन फेन या पक्षाचे अध्यक्ष, आणि शिन फेन म्हणजे आय.आर.ए.चा राजकीय चेहरा. आपण आय.आर.ए.मध्ये कधीच नव्हतो, असे अॅडम्स कायम सांगत आले. पण त्यांच्याशी बोलणे म्हणजे आय.आर.ए.शी बोलणे, हे सगळे जाणून होते. आदल्याच नोव्हेंबरात एनिस्किलन गावी युद्धातील मृतांच्या स्मरणासाठी जमलेल्या लोकांमध्ये आय.आर.ए.चा बॉम्ब फुटला होता आणि ११ जण ठार झाले होते. त्या जखमा ओल्या होत्या.

या दोघांना एकत्र आणणाऱ्यांत एक धर्मगुरू होते. बेलफास्टच्या क्लोनार्ड मठातील रिडेम्प्टरिस्ट संघाचे फादर अॅलेक रीड. त्यांची एक हकीकत इथे सांगतोच. १९ मार्च १९८८ रोजी बेलफास्टमध्ये एक अंत्ययात्रा चालली होती. तीन दिवसांपूर्वी आय.आर.ए.च्या सदस्यांच्या दफनविधीवर कब्रस्तानात हल्ला झाला होता, त्यात मेलेल्या एकाची ही अंत्ययात्रा. साध्या वेशातले दोन ब्रिटिश सैनिक मोटारीतून त्या गर्दीत शिरले. लोकांना वाटले, पुन्हा हल्ला. जमावाने त्यांना बाहेर ओढले, मारहाण केली, आणि आय.आर.ए.च्या माणसांनी त्यांना गोळ्या घातल्या. फादर रीड त्यांना वाचवायला धावले होते, त्यांच्यामध्ये आडवे पडले होते, पण त्यांना तिथून उठवून दूर केले गेले. गोळ्यांचा आवाज ऐकून ते परत गेले. एकाच्या तोंडात तोंडाने श्वास भरण्याचा प्रयत्न केला, दोघांवर अखेरचे संस्कार केले. अर्धनग्न मृतदेहाशेजारी गुडघे टेकलेल्या आणि ओठांना रक्त लागलेल्या या फादरांचे छायाचित्र जगभर छापून आले.

त्या छायाचित्रात एक गोष्ट दिसत नाही. फादरांच्या अंगावर त्या वेळी एक पाकीट होते. शिन फेनने ह्यूम यांच्यासाठी लिहिलेला गुप्त मजकूर त्यात होता. पाकिटाला रक्ताचे डाग पडले. फादर मठात परतले, त्यांनी पाकीट बदलले, आणि मजकूर पोचता केला. हे लोकांना कळले ते पंचवीस वर्षांनी, २०१३ साली. त्याच वर्षी नोव्हेंबरात फादर रीड देवाघरी गेले.

मला हे पाकीट वारंवार आठवते. ज्या लोकांच्या माणसांनी आत्ता, डोळ्यांदेखत दोन जीव घेतले, त्यांचेच पत्र घेऊन जायचे. दुसरा एखादा भला माणूस म्हणाला असता की आता पुरे, यांच्याशी माझा संबंध संपला. तसे म्हणण्यात पापही नव्हते. पण फादरांनी तो निरोप तसाच पुढे नेला.

सप्टेंबर १९८८ मध्ये उघड बोलणी थांबली, पण दोघे गुपचूप भेटत राहिले. एप्रिल १९९३ मध्ये अॅडम्स ह्यूम यांच्या घरी जाताना कोणाच्या तरी नजरेस पडले आणि बभ्रा झाला. मग ह्यूम यांच्यावर जे तुटून पडले, त्यात युनियनवादी होतेच. पण डब्लिनच्या एका रविवारच्या वृत्तपत्रातून आठवड्यामागून आठवडे त्यांच्यावर झोड उठत राहिली. स्वतःच्या पक्षातले जवळचे सहकारीही नाराज होते.

टीका करणारे सगळे मूर्ख किंवा दुष्ट होते असे मानणे सोयीचे आहे, पण खरे नाही. त्यांचे म्हणणे तीन अंगांनी होते. बंदूकवाल्याशी बोलले की त्याला प्रतिष्ठा मिळते. वीस वर्षे शांतपणे मत मागणारा मात्र बाजूला राहतो. दुसरे, बोलण्याच्या मोबदल्यात काही द्यावे लागते, आणि खुनाला मोबदला मिळाला तर पुढचा माणूस खूनच करील. तिसरे म्हणजे ज्यांची माणसे गेली, त्यांना विचारले कोणी? हे तिन्ही आक्षेप मला आजही वजनदार वाटतात. त्यांच्याकडे पाठ फिरवून ह्यूम यांचे कौतुक करायचे असेल, तर ते न केलेले बरे.

ह्यूम यांचे उत्तर साधे होते, किंबहुना रांगडे होते. वीस हजार सैनिकांना आणि एकामागून एक आलेल्या सरकारांना जे थांबवता आले नाही, ते माझ्या बोलण्याने थांबण्याची शक्यता असेल, आणि एक जरी जीव वाचणार असेल, तर कोण काय म्हणतो याची मला भाजलेल्या बर्फाच्या दोन गोळ्यांइतकीही पर्वा नाही, असे ते म्हणाले. ही डेरीकडची म्हण. बर्फ भाजता येत नाही, तेव्हा पर्वा किती ते समजावे!

पण केवळ धाडसाने हा प्रश्न सुटत नाही. बंद खोलीत ते काय बोलत होते, ते पाहायला हवे. आय.आर.ए.चे म्हणणे असे की ब्रिटन स्वतःच्या स्वार्थासाठी आयर्लंडमध्ये तळ ठोकून आहे, आणि बळावाचून तो हलणार नाही. ह्यूम यांचे म्हणणे असे की तुम्ही चुकीच्या शत्रूशी लढत आहात. जमीन दुभंगलेली नाही, माणसे दुभंगली आहेत. सुमारे दहा लाख प्रॉटेस्टंटांना तुमच्या आयर्लंडमध्ये यायचे नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि बॉम्ब टाकून कोणाचे मन वळत नाही. हेच ते पुन्हा पुन्हा सांगत. त्यांना एकच भाषण येते, अशी त्यांची थट्टाही होई. मात्र ते केवळ समजावून थांबले नाहीत. ब्रिटनचा स्वार्थ उरलेला नाही असे ब्रिटननेच जाहीर करावे, यासाठी त्यांनी लंडनला पिच्छा पुरवला. नोव्हेंबर १९९० मध्ये उत्तर आयर्लंडचे ब्रिटिश मंत्री पीटर ब्रूक यांनी तसे जाहीर केले. बंदुकीच्या समर्थनाचा एक पाय तिथे निखळला.

आणखी एक गोष्ट. बोलणी सुरू केली त्याच वर्षी, १९८८ च्या पक्ष-अधिवेशनात, ह्यूम यांनी आकडेवारी मांडून दाखवून दिले की कॅथलिकांचे रक्षक म्हणवणाऱ्या आय.आर.ए.ने पोलीस आणि सैन्य यांच्यापेक्षा जास्त कॅथलिक मारले आहेत. बोलतो म्हणून बोट दाखवायचे नाही, असा सौदा त्यांनी केलेला नव्हता. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ सालच्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या विश्वपत्रात चूक आणि चुकणारा माणूस यांत फरक करायला सांगितले आहे. चुकणारा माणूस माणूसच राहतो, त्याची प्रतिष्ठा नाहीशी होत नाही. ऐकायला हे सोपे आहे. पण आचरणात आणताना आपण बहुतेक वेळा एक बाजू सोडतो. एक तर माणसाला धरून ठेवण्यासाठी चुकीवर पांघरूण घालतो, नाही तर चुकीच्या रागाने माणसालाच टाकून देतो. ह्यूम यांनी दोन्ही टोके हातात धरली, म्हणूनच दोन्हीकडून त्यांना ओरखडे बसले. त्यांच्या घरावर पेट्रोल बॉम्बही पडले होते.

शुभवर्तमानातील जक्कयाची गोष्ट इथे आपल्याला आठवेल. प्रभू येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा लोकांनी कुरकुर केली. पण त्या गोष्टीचा आधार फार ताणू नये. जक्कयाने उभे राहून सांगितले की लुबाडलेल्याच्या चौपट देईन. आय.आर.ए.चे लोक असे काही सांगत नव्हते, आणि मारलेला माणूस चौपट काय, एकपटही परत देता येत नाही. तरी एवढे खरे की जक्कयाने वचन देण्याच्या आधीच प्रभूने त्याला झाडावरून खाली बोलावले होते.

ऑक्टोबर १९९३ हा सर्वांत काळा महिना ठरला. २३ तारखेला बेलफास्टच्या शँकिल रस्त्यावर मासळीच्या दुकानात आय.आर.ए.चा बॉम्ब फुटला. नऊ निरपराध माणसे आणि बॉम्ब ठेवणारा तरुण ठार झाले. त्या तरुणाच्या शवपेटीला अॅडम्स यांनी खांदा दिला. हे पाहून ह्यूम यांना काय वाटले असेल? त्यानंतर एका आठवड्यात, ३० तारखेला, डेरीजवळच्या ग्रेस्टील गावात एका मद्यालयात सणाच्या गर्दीवर प्रॉटेस्टंट टोळीने गोळीबार केला. आठ जण मेले, सहा कॅथलिक आणि दोन प्रॉटेस्टंट. शँकिलचा सूड!

दोनच दिवसांनी ब्रिटिश पंतप्रधान जॉन मेजर यांनी पार्लमेंटमध्ये सांगितले की अॅडम्सशी बोलायचे म्हटले तर माझ्या पोटात ढवळून येईल. महिना संपण्याआधीच एका वृत्तपत्राने उघड केले की त्यांच्याच सरकारचा आय.आर.ए.शी गुप्त संपर्क चालू होता. यावर अधिक बोलत नाही. एवढेच की जे सरकार चोरून करत होते, ते ह्यूम आपल्या नावाने करत होते.

ग्रेस्टीलच्या दफनविधीला ह्यूम गेले. सगळीकडून होणाऱ्या टीकेने ते खचलेले होते. तिथे एका मृताची मुलगी त्यांच्याजवळ आली. काल रात्री आम्ही वडिलांच्या शवपेटीभोवती जमून प्रार्थना केली, ती तुमच्यासाठी होती, आम्हांला जे सोसावे लागले ते इतर कोणाला सोसावे लागू नये म्हणून तुम्ही जे करत आहात त्यासाठी होती, असे तिने सांगितले. ह्यूम कब्रस्तानातच कॅमेऱ्यांसमोर ओक्साबोक्शी रडले. थोड्याच दिवसांत थकव्याने कोसळून त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले.

या मुलीच्या शब्दांनी तिसरा आक्षेप मिटला का? नाही. तिने आपल्यापुरते सांगितले. शँकिलच्या दुकानात ज्यांची मुले गेली, त्यांच्या वतीने ती बोलू शकत नव्हती, आणि तसा आव तिने आणलाही नाही. एखाद्या पीडिताची क्षमा दुसऱ्या पीडिताच्या नावावर जमा करता येत नाही. ही चूक आपण प्रवचनांतून पुष्कळदा करतो. अमक्याने क्षमा केली, मग तुला का जमत नाही, असे दुखावलेल्याला विचारतो. ते विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

१५ डिसेंबर १९९३ रोजी लंडन आणि डब्लिन सरकारांनी संयुक्त घोषणा केली. ह्यूम-अॅडम्स बोलण्यांची छाप तिच्यावर होती. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी आय.आर.ए.ने शस्त्रसंधी जाहीर केली, ऑक्टोबरात प्रॉटेस्टंट टोळ्यांनीही. मध्ये १९९६ साली लंडनमध्ये पुन्हा बॉम्ब फुटला, दोन माणसे गेली, पुन्हा सगळे वाया जाणार असे वाटले. जुलै १९९७ मध्ये शस्त्रसंधी परत आली, आणि १० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, बेलफास्टमध्ये करार झाला. उत्तर आयर्लंडचे भवितव्य तेथील बहुमताच्या संमतीनेच बदलेल आणि तोवर दोन्ही समाज मिळून राज्य करतील, हा त्याचा गाभा. म्हणजे ह्यूम वीस वर्षे सांगत होते तेच. २२ मे रोजी सार्वमत झाले. उत्तरेत ७१ टक्के आणि दक्षिणेत ९४ टक्के लोकांनी होकार दिला. त्या वर्षीचे नोबेल ह्यूम आणि युनियनवादी नेते डेव्हिड ट्रिंबल यांना मिळून देण्यात आले. ह्यूम यांनी आपल्या वाट्याची रक्कम साल्व्हेशन आर्मी आणि आपल्या परिचयाची संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी यांना देऊन टाकली. २००१ सालचा गांधी शांतता पुरस्कारही भारत सरकारने त्यांनाच दिला.

पण हिशोबाची दुसरी बाजूही लिहायला हवी. करारानुसार चारशेहून अधिक कैदी दोन वर्षांत सुटले. त्यांत खुनी होते. ज्या बाईचा नवरा मारला, तिला बाजारात त्याचा मारेकरी समोरून येताना दिसू लागला. आय.आर.ए.ने पळवून नेऊन मारलेल्या आणि गुपचूप पुरलेल्या काहींचे मृतदेह आजही सापडलेले नाहीत. दहा मुलांची एक आई १९७२ च्या डिसेंबरात घरातून ओढून नेली गेली. तिचे अवशेष २००३ साली एका समुद्रकिनाऱ्यावर मिळाले. शांततेची किंमत सर्वांना सारखी पडली नाही. सर्वांत जास्त किंमत त्यांनी मोजली, ज्यांनी आधीच सर्वस्व गमावले होते. आणि आपण, जे दुरून टाळ्या वाजवतो, त्यांना काहीच पडले नाही.

राजकारणातही पहिला आक्षेप खरा ठरला. शिन फेनला प्रतिष्ठा मिळाली, मते मिळाली. २००१ साली ह्यूम नेतेपदावरून उतरले, आणि २००३ च्या निवडणुकीत शिन फेनने त्यांच्या पक्षाला मागे टाकले. ट्रिंबल यांच्या पक्षाचेही तेच झाले. त्यांना अधिक कडव्या पक्षाने मागे टाकले. ज्या दोघांना नोबेल मिळाले, त्या दोघांचे पक्ष मतदारांनी बाजूला ठेवले. असे होऊ शकते हे ह्यूम यांना आधीपासून सांगितले जात होते. पक्ष गेला तरी चालेल, पण माणसे जगली पाहिजेत, अशा अर्थाचेच त्यांचे वागणे होते. राजकीय पुढाऱ्याकडून ही अपेक्षा कोणी करत नाही, म्हणून ती पुरी झालेली पाहिली की आपण थबकतो.

दुसऱ्या आक्षेपाबाबत मात्र मी ह्यूम यांच्या बाजूने उभा राहीन. खुनाला मोबदला मिळाला, असे म्हणता येत नाही. आय.आर.ए.ला हवे होते ते संयुक्त आयर्लंड. ते तिला मिळाले नाही. बहुमताच्या संमतीचे तत्त्व, जे ती पंचवीस वर्षे धुडकावत होती, ते तिच्या राजकीय पक्षाला मान्य करावे लागले. जुलै २००२ मध्ये आय.आर.ए.ने मारलेल्या सामान्य नागरिकांच्या कुटुंबांची माफी मागितली. सप्टेंबर २००५ मध्ये तिची शस्त्रे निकामी करण्यात आली, तेव्हा साक्षीला दोन धर्मसेवक उभे होते. एक मेथडिस्ट पंथाचे पाळक, आणि दुसरे फादर अॅलेक रीड. बोलणी आणि शरणागती यांत फरक असतो, तो इथे दिसतो. शरण जाणारा आपले तत्त्व देऊन शांतता विकत घेतो. ह्यूम यांनी तत्त्व हातचे सोडले नाही. सोडली ती फक्त स्वतःची अब्रू, आणि तीही काही वर्षांसाठी.

मग उत्तर काय? बोलावे, असे मला वाटते. पण अटी आहेत, आणि त्या बोलणाऱ्यावर आहेत. खुनाला खून म्हणण्याचे सोडायचे नाही. दुसऱ्याच्या वतीने क्षमा वाटायची नाही. आणि बोलण्याची झळ लागेल, ती आधी आपल्या अंगावर घ्यायची. या अटी न पाळता शांततेच्या गप्पा मारणारे पुष्कळ असतात, त्यांच्याबद्दल पीडितांना संताप येतो तो रास्तच आहे.

बंधुभगिनींनो, मिस्सात आपण एकमेकांना शांतीची खूण देतो. शेजारी उभा असेल त्याच्याकडे वळून हात जोडतो, हसतो. पण शेजारी कोण असावा, हे आपण बाक निवडतानाच ठरवून टाकलेले असते. बांधावरून ज्याच्याशी बोलणे बंद आहे, तो भाऊ डावीकडे बसला, तर आपण उजवीकडे जातो. खुनाच्या तुलनेत हे फारच किरकोळ, हे मलाही कळते. पण तिथे पंधरा लाखांचा प्रदेश उजवी-डावी अशी बाके निवडून तीस वर्षे बसला होता.

शेवटच्या वर्षांत ह्यूम यांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले. कराराची बोलणी, तारखा, माणसे, हळूहळू सगळे पुसले जाऊ लागले. ते डेरीच्या रस्त्यांवरून फिरायला जात, आणि वाट चुकले की कोणी ना कोणी ओळखून त्यांना घरी पोचवी. त्यांच्या पत्नी पॅट यांनी हे कृतज्ञतेने सांगितले आहे. १९८८ पासून फोनवरच्या शिव्या आणि दारावरचे हल्ले याच बाईंनी झेलले होते. २०२१ साली त्याही गेल्या.

ह्यूम यांचे निधन झाले ते कोविडच्या काळात. एरवी सगळे शहर रस्त्यावर आले असते. पण त्यांच्या कुटुंबाने लोकांना येऊ नका अशी विनंती केली. ४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी त्यांची शवपेटी संत युजीन यांच्या कॅथीड्रलमध्ये आणली गेली. कुटुंबाची एकच इच्छा होती, रात्री नऊ वाजता आपापल्या दारात शांततेसाठी एक मेणबत्ती लावावी. डेरीत दोन्ही समाजांच्या वस्त्या आहेत, मध्ये नदी आहे. त्या रात्री शहरात दारोदारी मेणबत्त्या लागल्या. दुसऱ्या दिवशी मोजक्या माणसांच्या उपस्थितीत मिस्सा झाला आणि त्यांना मूठमाती देण्यात आली.